शिंगावर १७५८ कोरलंय. पण ते खरंच १७५८ चं आहे का?

गिरमिट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे. धागा पहिलाच, तेव्हा सांभाळून घ्या.

मी न्यूयॉर्क राज्यात अल्बनीजवळ राहतो. इथून तासाभरावर लेक जॉर्ज. भारतातून पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं, बोटीत बसवायचं, फोर्ट विल्यम हेन्री दाखवायचा हा आमचा ठरलेला कार्यक्रम. (किल्ला मूळचा नव्हे, गेल्या शतकात पुन्हा बांधलेला.) अशाच एका फेरीत काचेच्या पेटीत पहिल्यांदा बंदुकीच्या दारूचं शिंग पाहिलं आणि पाहुणे बाहेर उन्हात ताटकळत राहिले.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी. गाई-बैलाचं शिंग, आतून पोकळ. रुंद बाजूला लाकडाचं बूड ठोकून बंद केलेलं, टोकाला भोक आणि भोकात गुडदी, म्हणजे बूच. आत ठासणीच्या बंदुकीची दारू. शिंगच का, तर पाणी आत जात नाही, ठिणगी पडत नाही, वजन नाही आणि कसायाकडे फुकट मिळतं. शिवाय खरवडून पातळ केलं की उजेडात धरून आत दारू किती उरली ते दिसतं. शिंगाचा बाक अंगाला चपखल बसतो, म्हणून डाव्या-उजव्या शिंगाचीही आवडनिवड असे.

इंग्रजांच्या पगारी पलटणींना कागदी काडतुसं मिळायची. शिंग लागायचं ते वसाहतींच्या फौजांना, मिलिशियाला (गावोगावच्या नागरी फौजेला), रेंजरांना (जंगलात फिरणाऱ्या तुकड्यांना), शिकाऱ्यांना. १७५४ ते १७६३ च्या फ्रेंच-इंग्रज युद्धात ही माणसं महिनोन्महिने छावणीत बसून असत. शिंग हाताशी, चाकू हाताशी, वेळच वेळ. मग त्यावर नाव, गाव, किल्ला, तारीख, जहाजं, मासे, जलपऱ्या आणि हडसन-मोहॉक नद्यांचे आख्खे नकाशे कोरले गेले. ज्याला स्वतःला जमत नसे तो छावणीतल्या कारागिराकडून पैसे देऊन कोरून घेई.

तर दोन गोष्टी घडल्या. एक, मी स्वतः शिंग करायला शिकतोय. दोन, मागच्या महिन्यात एका खेड्यात घर रिकामं करण्याचा सेल होता, तिथे दीडशे डॉलरला एक जुनं शिंग मिळालं. त्यावर मालकाचं नाव (इथे देत नाही, त्याच आडनावाची घरं अजून आसपास आहेत), पुढे 'हिज हॉर्न', 'फोर्ट विल्यम हेन्री' आणि १७५८. खाली एक झाड आणि कुत्र्यासारखा दिसणारा सिंह, किंवा सिंहासारखं दिसणारं कुत्रं. रंग मधासारखा, एका बाजूला कीड लागून पडलेले खळगे, बूड पाइनचं, चार खिळे.

बायको म्हणाली, "दीडशे डॉलरला मेलेल्या बैलाचं शिंग." मी म्हटलं, अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या बैलाचं. आता हे सिद्ध करायचं आहे. जाणकारांनी मदत करावी.

---

खोडसाळ

शीर्षक आणि पहिला परिच्छेद वाचून 'दारूचं शिंग' म्हणजे वेगळंच काही समजलो होतो. निराशा झाली, पण वाचतोय.

---

हिंगूळ

गिरमिटराव, मी सातारकडचा. तुमचं ते खरवडणं वाचून पोळाच आठवला. आमचे आबा पोळ्याआधी बैलाची शिंगं साळायचे. बैल दावणीला, मी वेसण धरून, आणि आबा धारदार पात्यानं शिंगावरचे पापुद्रे सोलायचे. खरबरीत काळपट साल निघाली की आतलं शिंग गुळगुळीत निघायचं. मग तेल, मग हिंगूळ, मग टोकाला पितळी शेंब्या. साळताना केस जळाल्यासारखा एक वास येतो बघा. तुमच्याकडे येतो का? आणि शिंगातलं हाड कसं काढता? आमची तर जिवंत बैलाची शिंगं असायची, ती पाळी आली नाही.

---

गिरमिट

हिंगूळ, तोच वास! कानस जोरात चालली की जास्तच. पहिल्या दिवशी घरात करत होतो, दुसऱ्या दिवसापासून गॅरेजमध्ये रवानगी झाली. शिंगाची भुकटी छातीत जाते, म्हणून मास्क लावूनच काम.

हाडाचा गाभा मी काढत नाही, साफ केलेलं कच्चं शिंग विकत मिळतं. पूर्वी शिंग तसंच सडू देत किंवा उकळत, मग हाड सैल होऊन ठोकलं की सुटायचं.

पहिल्या शिंगाची फजिती सांगतो. टोकाकडचा चार-पाच इंच भाग भरीव असतो. आधी ताठ तार पोकळीत घालून ती कुठे अडते ते बघायचं, तीच तार बाहेरून लावून खूण करायची, आणि मग टोकाकडून भोक पाडत त्या पोकळीला जाऊन भेटायचं. गंमत अशी, की शिंग वाकडं आणि गिरमिट सरळ. मी मोठ्या आत्मविश्वासाने फिरवत होतो. दोन इंच गेलं, हाताला अचानक हलकं लागलं, वाटलं पोहोचलो. बघतो तर गिरमिटाचं टोक शिंगाच्या कुशीतून बाहेर डोकावतंय. तेवढा भाग कापून टाकावा लागला. ते शिंग आता बुटकं झालंय, मुलगी त्यात पेन्सिली ठेवते. माझं इथलं नाव तिथून आलं.

दुसरं बरं जमलं. रुंद तोंड कधीच गोल नसतं, अंडाकृती असतं. पाऊण तास उकळत्या पाण्यात ठेवलं की कडा थोडी मऊ होते, तेवढ्यात निमुळता लाकडी गोळा आत दाबायचा आणि थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. मग गोल तोंडाला गोल बूड. सांध्याला मेण, बाजूने लाकडी खुंट्या. शेवटी टोकाला तोंड लावून फुंकायचं. हवा कुठून सुटली तर तिथून दमट हवाही आत शिरणार आणि दारू मेली.

---

अनुस्वार

मस्त धागा. मी बॉस्टनकडे जुन्या कागदपत्रांत काम करते, त्यामुळे शिंगापेक्षा त्यावरच्या अक्षरांबद्दल बोलते.

पहिली शंका तारखेची. फोर्ट विल्यम हेन्री बांधला १७५५ च्या शरदात. ९ ऑगस्ट १७५७ ला तो माँकाल्मच्या फ्रेंच फौजेला शरण गेला आणि जाळून टाकला गेला. तुमच्या शिंगावर १७५८. त्या वर्षी तिथे किल्ला नव्हता, राख होती.

म्हणजे खोटं असं लगेच म्हणत नाही. १७५८ च्या उन्हाळ्यात इंग्रज सेनापती ॲबरक्रॉम्बीची पंधरा हजारांवर फौज त्याच जागेवर जमली आणि तिथून होड्यांनी कारियाँ या फ्रेंच किल्ल्यावर, म्हणजे आजच्या टिकॉन्डेरोगावर, गेली. त्यातल्या कुणी जुन्या सवयीने किल्ल्याचं नाव घातलं असेल. पण त्या मोहिमेतला माणूस साधारणपणे 'लेक जॉर्ज' लिहील. ते नावही तारखेला उपयोगी आहे बरं का. तळ्याचं फ्रेंच नाव वेगळं होतं, १७५५ मध्ये विल्यम जॉन्सनने ते बदलून राजाच्या नावाने केलं. कुणी १७५० चं 'लेक जॉर्ज' शिंग विकायला आणलं तर हात जोडून निघून यावं.

असंच फोर्ट स्टॅनविक्सचं. क्रांतियुद्धात, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, त्याला फोर्ट स्कायलर म्हणत. इंग्रजी राजचिन्ह असेल तर त्यात फ्रान्सची लिलीची फुलं आहेत का बघायचं, १८०१ मध्ये ती काढली.

आता 'हिज' हा शब्द कसा लिहिलाय ते सांगा. मोठी अक्षरं आहेत की छोटी? एस कसा आहे?

---

गिरमिट

अनुस्वार, बाप रे. किल्ल्याची तारीख मला माहीत असायला हवी होती, दर उन्हाळ्यात पाहुण्यांना मीच सांगतो!

अक्षरं छोटी, थोडी तिरकी. 'हिज' मधला एस लांब आहे, एफसारखा दिसणारा. ते पाहूनच तर मी भुललो. म्हटलं, लांब एस म्हणजे जुनंच.

---

अनुस्वार

तिथेच गोम आहे. लांब एस शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये यायचा. शब्दाच्या शेवटी आखूड एस. 'हिज' मध्ये एस शेवटी आहे, म्हणजे तिथे आखूड हवा. जो माणूस लहानपणापासून तसं वाचत-लिहीत आला त्याचा हात तिथे सहसा चुकत नाही. ज्याने जुन्या पुस्तकांत एफसारखा एस नुसता पाहिलाय आणि 'जुनं वाटावं' म्हणून वापरलाय, तो हमखास चुकतो. आपल्याकडे नाही का, जुनं वाटावं म्हणून कुठेही 'णें' आणि 'तें' वर अनुस्वार फोडणी घातल्यासारखे टाकतात!

लांब एस १८०० च्या आसपास छपाईतून गेला. त्यामुळे १८७५ च्या माणसाला तो फक्त आजोबांच्या बायबलात दिसायचा.

---

सुतारपक्षी

अनुस्वारताई, जरा थांबा. मी पेन्सिल्वेनियात लँकेस्टर भागात राहतो, लाकूडकाम करतो. छावणीतल्या शेतकऱ्याच्या शुद्धलेखनावर निकाल देऊ नका. या लोकांनी स्वतःच्या गावाचं नाव एकाच शिंगावर दोन प्रकारे लिहिलंय. जे ऐवजी आय, उलटा एन, अक्षर विसरलं तर वर चिकटवलेलं, सगळं असतं. शुद्ध लिहिलेलं दिसलं तर मला उलट जास्त संशय येतो.

पुरावा बघायचा तो वस्तूत. गिरमिट, चार गोष्टी करा.

बूड मोजा, धाग्याच्या दिशेने आणि आडवं. लाकूड आडवं आकसतं, लांबीत नाही. शंभर-दोनशे वर्षांत गोल बूड अंडाकृती होतं आणि शिंगाच्या कडेपासून दोन बाजूंना फट पडते. अगदी गोल असेल तर ते कालपरवाचं.

खिळे. हाताने ठोकलेला खिळा चारी बाजूंनी निमुळता असतो, डोक्यावर घणाचे पैलू. १७९० नंतर यंत्राने कापलेले खिळे येतात, ते दोनच बाजूंनी निमुळते. तारेचे गोल खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. कुठे टोकदार स्क्रू असेल तर १८४० च्या दशकाच्या आधीचा विचार सोडा, त्याआधी स्क्रू बोथट टोकाचे. पण लक्षात घ्या, खिळे बुडाचं वय सांगतात. बूड बदललेलं असू शकतं, बंदुकीचा दस्ता बदलतात तसं.

झीज. शिंग अंगाला घासतं ती बाजू वेगळी गुळगुळीत होते. तिथलं कोरीवकामही तितकंच झिजलेलं हवं. बाक झिजलाय आणि अक्षरं मात्र टवटवीत, असं होत नाही.

आणि कीड. हे शेवटी सांगतोय पण सगळ्यात आधी हेच बघा. दहापट मोठं दाखवणारी काच घ्या. कोरलेली रेघ किडीच्या खळग्यापाशी जाते तिथे काय होतं? कीड नंतर लागली असेल तर खळगा रेघ खाऊन टाकतो, रेघ कडेला तुटते आणि पलीकडे सरळ पुढे सुरू होते. खळगा आधीचा असेल तर सुई त्यात घसरते. रेघ खळग्यात उतरलेली दिसेल, किंवा कारागिराने खळगा चुकवून वळण घेतलेलं असेल.

---

प्रश्नचिन्ह

एवढा खटाटोप कशाला? कार्बन डेटिंग करा की. शिंग सेंद्रिय आहे.

---

परीक्षानळी

निवृत्त रसायन मास्तर आहे, त्यामुळे तोंड उघडल्याशिवाय राहवत नाही.

कार्बन-१४ इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. साधारण १६५० ते १९५० या काळात मोजमापावरून वर्ष काढायचा आलेख इतका सपाट आणि वेडावाकडा आहे की एकाच मोजमापाला तीन-चार वेगवेगळे काळ जुळतात. १७५८ आणि १८७६ यांत फरक करायचा तर त्यावर भरवसा नाही. एक मात्र ठामपणे सांगता येतं. १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला. त्यानंतर चरलेल्या बैलाचं शिंग असेल तर ते लपत नाही. म्हणजे आजची बनावट पकडायला ठीक. पण तीसुद्धा, कुणी खरोखरच जुनं कोरं शिंग घेऊन त्यावर आज कोरलं तर? शिंग जुनंच निघणार.

रंगाबद्दल. ही माणसं शिंगाला पिवळा-तांबूस रंग यावा म्हणून 'ॲक्वा फोर्टिस' लावत, म्हणजे आपलं नायट्रिक आम्ल. शिंग म्हणजे केराटिन, प्रथिन. बारावीच्या प्रात्यक्षिकात अंड्याच्या पांढऱ्यावर नायट्रिक टाकून पिवळा रंग आणायचो ती झँथोप्रोटीक चाचणी आठवते का? तीच. बोटाला लागलं तर बोटही तसंच पिवळं होतं, कारण कातडीही प्रथिनच. त्यामुळे मधासारखा रंग म्हणजे वय असं समजू नका. तो रंग दुपारभरात आणता येतो. आणि गिरमिट, तुम्ही हा प्रयोग घरी करू नका. कांद्याची सालं उकळा, तीही छान रंग देतात.

---

गिरमिट

काच आणली. रविवारी सकाळी खिडकीत बसलो ते जेवायला हाक मारेपर्यंत.

बूड: एकीकडे ७१ मिलिमीटर, आडवं ६८. फटही आहे, तीत धुळीचं मेण झालंय. खिळे: दोन बाजूंनी निमुळते, म्हणजे कापलेले. चारपैकी एक नंतरचा तारेचा.

झीज: आतल्या बाकावर आरशासारखी. झाड आणि सिंह-कुत्रं बाहेरच्या बाजूला आहेत, त्यामुळे त्यावरून कळत नाही. पण नावाचं शेवटचं अक्षर बाकावर येतं. ते ठसठशीत आहे. काजळही भरलेलं.

आणि कीड. 'विल्यम' मधल्या डब्ल्यूचा शेवटचा पाय खळग्यात जातो. आत उतरलाय. तळाशी रेघ रुंद आणि थरथरलेली, पलीकडच्या कडेवर सुई उडून एक बारीक ओरखडा. मी तीनदा पाहिलं, उजेड बदलून पाहिलं. मग काच खाली ठेवली आणि चहा केला.

बैल जुना आहे. शिंग जुनं आहे. अक्षरं नाहीत.

---

हिंगूळ

वाईट वाटलं राव. पण तो ओरखडा शोधलात ते भारी.

---

सुतारपक्षी

बूड १८०० नंतरचं म्हणायला हरकत नाही, शिंगही बहुधा तेवढंच. साधं, न कोरलेलं, शिकारीचं शेतकरी शिंग. अशी खंडीभर होती आणि त्यांना आजही भाव नाही. म्हणून तर त्यांच्यावर कोरतात. साध्या शिंगावर किल्ल्याचं नाव आलं की किंमत कितीतरी पट.

शिंगाच्या टोकाचा फोटो पाहिला. आमच्याकडे पेन्सिल्वेनियात व्यावसायिक कारागीर लेथवर आटे पाडून टोक बसवत, फिरवून काढता येई असं. तुमचं तसं नाही, चाकूने घडवलेलं आहे. मानेपाशी झालरीसारखी नक्षी कोरायचा प्रयत्न दिसतो, तो मूळ कारागिराचा असावा, कारण तो झिजलाय.

---

अनुस्वार

बनावट हा शब्द जपून वापरू या. १८७६ मध्ये स्वातंत्र्याची शंभरी झाली तेव्हा सगळ्या देशाला आजोबांच्या वस्तूंचं वेड लागलं होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनाजोहारीत रुफस ग्रायडर नावाचे एक चित्रकला शिक्षक होते. १८८० च्या दशकापासून ते घरोघर जाऊन लोकांची शिंगं मागून आणत आणि त्यावरचं कोरीवकाम उलगडून जलरंगात उतरवून घेत. अशी शेकडो चित्रं त्यांनी केली, न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. शिंग वळवून वळवून बघावं लागतं, ते त्यांनी कागदावर सपाट पसरून दाखवलं. पुढे काही मूळ शिंगं हरवली, चित्रं राहिली.

अशा काळात एखाद्या नातवाने घरातल्या कोऱ्या शिंगावर "आमचे पणजोबा विल्यम हेन्रीला होते" हे घरातलं ऐकलेलं कोरलं असेल. वर्ष एकाने चुकलं, एस चुकला, पण फसवायचा हेतू नसेलही. त्या माणसाचं नाव वसाहतीच्या हजेरीपटांत शोधलंत का?

---

गिरमिट

शोधलं. त्या नावाचा एक जण १७५८ च्या एका यादीत आहे. पण तुम्ही खुश व्हाल असं वाटत नाही.

---

अनुस्वार

नाही झाले. :) नाव यादीत असणं म्हणजे माणूस होता, एवढंच. याद्या छापून झाल्यावर त्या कोरणाऱ्यालाही वाचता येतात. मॅसॅच्युसेट्सने क्रांतियुद्धातल्या आपल्या सैनिकांची नावं सतरा जाड खंडांत छापली, बनावट करणाऱ्याला तयार कोशच मिळाला.

खरं शिंग कसं असतं ते बघायचं असेल तर जॉन बुशचं बघा. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूझबरीचा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस, वसाहतीच्या फौजेतला. १७५५-५६ च्या मोहिमांत त्याने लेक जॉर्जच्या छावणीत सोबत्यांसाठी शिंगं कोरली. अक्षरांना फुलांच्या वेलीसारखे झोके, आणि ते झोके इतके मोकळे की हात कुठे थांबला हे कळत नाही. पुढे इतरांनी त्याचं वळण उचललं. ऑगस्ट १७५७ मध्ये किल्ला पडला तेव्हा तो फ्रेंचांच्या हाती लागला आणि घरी परतला नाही. तुमच्या शिंगावरच्या किल्ल्यात खरा बसलेला कारागीर तो.

---

सोरा

थोडं अवांतर. शिंगात भरायची ती दारू कुठली? तिच्यात सर्वांत जास्त वाटा सोऱ्याचा, पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास. आणि त्या काळात इंग्रजांच्या दारूसाठीचा सोरा मुख्यतः पाटण्याकडून, बिहारच्या मातीतून, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी जायचा. तेव्हा लेक जॉर्जवरच्या शेतकऱ्याच्या खांद्याला लटकलेल्या शिंगात बिहारची माती होती म्हणायला हरकत नाही.

ऑक्टोबर १७७४ मध्ये राजाने वसाहतींकडे दारूगोळा न्यायला बंदी घातली. १७७५ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या वेढ्यात वॉशिंग्टनने साठा मोजला तर माणशी जेमतेम नऊ बार. त्या महिन्यांतली रॉक्सबरी, केंब्रिज अशी नावं कोरलेली बरीच शिंगं आहेत. आत दारू नसल्यामुळे कोरायला वेळ मिळाला असावा.

१७९२ च्या मिलिशिया कायद्यात रायफलवाल्याने काय आणायचं ते लिहिलंय: दारूचं शिंग, वीस गोळ्या आणि पाव पौंड दारू. पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे पाव पौंडात १७५०. एका बाराला ७० ग्रेन धरले तर पंचवीस बार. वीस गोळ्यांचे, वर रंजकाला (बार पेटवायच्या चिमूटभर दारूला) आणि सांडलवंडीला. हिशेब बरोबर बसतो.

---

प्रश्नचिन्ह

शिंगातून थेट नळीत ओतायचे का?

---

सोरा

शहाणा माणूस नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा नळीत धुमसत असेल तर ज्योत थेट शिंगात, आणि शिंग हातात. म्हणून हाडाचं किंवा सांबरशिंगाच्या टोकाचं छोटं माप असे. आधी मापात, मग नळीत. रंजकासाठी काही जण वेगळं चिमुकलं शिंगही ठेवत. आपल्याकडची रंजकदानी तेच काम करते, फक्त आपल्याकडे ती शिंपल्याची आणि हस्तिदंताचीही झाली.

---

खोडसाळ

शिंगांवर कविता पण असायच्या म्हणे?

---

अनुस्वार

असायच्या, आणि त्याच त्या पुन्हा पुन्हा. ट्रकच्या मागे असतात तशा. एक प्रसिद्ध आहे, 'हे शिंग चोरू नकोस, लाज बाळग, यावर मालकाचं नाव आहे' अशा अर्थाची. दुसरीत दारू म्हणते, मी आणि माझा भाऊ गोळी मिळून शूरासारखे सगळ्यांना जिंकतो.

---

खोडसाळ

मराठीत भाऊ चालणार नाही, दारूही ती आणि गोळीही ती. घ्या:

मी दारू, गोळी धाकटी बहीण,
दोघी निघालो की वैरी क्षीण.

आणि चोरीचं:

शिंग हे चोरू नको रे, धर जनाची लाज,
नाव धन्याचे कोरुनी याला चढवला साज.

---

हिंगूळ

ट्रकच्या मागे शोभेल. :))

---

गिरमिट

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय.

शिंग एका संग्रहालयातल्या जाणकार बाईंना दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, फिरवलं, सरळ त्या खळग्यापाशी काच नेली. दोन मिनिटं. म्हणाल्या, "शिंग छान आहे. मजकूर धाकटा आहे." किती धाकटा हे त्या सांगेनात. काजळ काढून बघायला नको म्हणाल्या, आहे तसंच ठेवा. तसंच ठेवलंय. घरात फळीवर आहे, पाहुण्यांना आता खळगा दाखवतो. किल्ल्यापेक्षा लोक त्यात जास्त रमतात.

आणि माझं तिसरं शिंग पूर्ण झालं. आधी कानस, मग फुटक्या काचेच्या तुकड्याने खरवडणं. काच फिरते तशी शिंगाची लांब पारदर्शक वळी निघते, दुधावरच्या सायीसारखी, आणि जमिनीवर पडली की कुरकुरते. दिव्यासमोर धरलं की आता आतल्या बोटाची सावली दिसते. रंग कांद्याच्या सालींचा (मास्तर, ऐकलं तुमचं).

कोरलं देवनागरीत. इथे एक अडचण आली जी त्या मंडळींना नव्हती: शिरोरेखा. रोमन अक्षरं सुटी, वाकड्या पृष्ठभागावर एकेक बसवता येतात. आपली रेघ शिंगाला वळसा घालत सलग न्यायची, आणि प्रत्येक अक्षराबरोबर तिचा तुकडा कोरत गेलो की सांधे दिसतात. दोन शब्द बिघडले, खरवडून काढले.

---

अनुस्वार

मोडी लिहिणारे काय करत? आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. तसंच करा.

---

गिरमिट

तसंच केलं शेवटी! दोऱ्याला काजळ लावून शिंगाभोवती गुंडाळला, रेघ उमटली, ती एका दमात कोरली, मग अक्षरं. आता लिहिलंय: माझं नाव, 'याचे शिंग', अल्बनी, २०२४. खाली झाड आणि सिंह-कुत्रं, जुन्या शिंगावरून उतरवलेलं.

---

सुतारपक्षी

उत्तम. फक्त २०२४ बुडाच्या आतल्या बाजूलाही लिहून ठेवा. नाहीतर दोनशे वर्षांनी कुणीतरी २ चा १ करेल आणि अल्बनीत १०२४ साली मराठे होते असा धागा निघेल.

---

हिंगूळ

फोटो पाहिले, साळलंय झकास. गुडदी कशाची आहे? काळी, गोल डोक्याची, फारच सुबक दिसते.

---

गिरमिट

व्हायोलिनची खुंटी. पूर्वीही वापरायचे, आपोआप निमुळती असते, भोकात घट्ट बसते. मुलीने सहावीत सोडलेलं व्हायोलिन माळ्यावर पडून होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.